रिकाम्या पेडलचा आवाज

१

चारही स्क्रू निघाले, मी झाकण उचललं आणि पेडल वर्गातल्या चौदा जणांपुढे धरलं. आत काहीच नव्हतं.

काहीच म्हणजे, एक लाल वायर होती. गिटारची पिन लागते तिथपासून अ‍ॅम्प्लिफायरची पिन लागते तिथपर्यंत, सरळ. ज्या सर्किटसाठी मी गिटारचा आवाज पायाच्या बटणाने बदलणारं हे ओव्हरड्राइव्ह पेडल चुलतभावाकरवी परदेशातून मागवलं होतं, ते सर्किट गायब होतं.

माझा गिटारचा वर्ग सातपूर कॉलनीत आहे, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. गिरणी जूनमध्ये दुसरीकडे गेली, वर्ग राहिला. हेवी मेटल नीट शिकवणारा नाशकात मी एकटाच, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलणारा बहुतेक वेळा मीच असतो. त्या रविवारचा विषय होता, मेटलसाठी ओव्हरड्राइव्ह पेडल कोणतं निवडावं. मुलांचा बँड पुण्याच्या एका स्पर्धेत उतरणार होता, आणि सर सांगतील ते पेडल घ्यायचं असं ठरलं होतं. टेबलावर तीन पेडलं मांडली होती. एक चिनी, एक आमच्या दुरुस्तीवाल्या देवरामांनी घरच्या वायरिंगच्या लोखंडी बॉक्समध्ये बनवलेलं, आणि तिसरं माझं, हिरवं, लाडकं.

मुलांना मी दर रविवारी एकच गोष्ट समजावतो. मेटलची गुरगुर पेडल करत नाही, ती अ‍ॅम्प्लिफायरच करतो. पेडलचं काम त्या गुरगुरीला आवळायचं, सैल नाडी आवळावी तसं. म्हणून गुरगुर वाढवणारा ड्राइव्हचा नॉब जवळजवळ शून्यावर ठेवायचा आणि आवाज वाढवणारा लेव्हलचा पूर्ण फिरवायचा. नवशिके नेमकं उलटं करतात आणि आवाजाचा चिखल करून ठेवतात. हे सांगताना मी पायाने पेडलचं बटण दाबतो, लाल दिवा लागतो, आणि मी विचारतो, ऐकलंत? मुलं माना डोलावतात.

त्या दिवशी एका नव्या मुलाने विचारलं, सर, आत असतं काय? आणि मी नाकाने कांदे सोलत स्क्रूड्रायव्हर मागवला.

मुलं वाकून पेडलमध्ये बघू लागली. मग आमचा ड्रमर वाल्मीक म्हणाला, "सर, हे कधीपासून असं आहे?"

मला ठाऊक होतं काय उत्तर द्यायचं. मी म्हणालो, "मागच्या रविवारी मी याच्यावरच वाजवलं. आवाज एकदम घट्ट होता. म्हणजे चोरी याच आठवड्यात झालीय."

चौदा जणांनी ते ऐकलं आणि खरं मानलं. माझ्या कानांवर कोण शंका घेणार?

२

या आठवड्यात खोलीत कोण आलं होतं, हे शोधणं सोपं होतं. किल्ल्या तिघांकडे. एक माझ्याकडे, एक आरोहीकडे आणि एक देवरामांकडे.

आरोही माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. वर्गाचं चित्रीकरण ती करते, कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसते. त्या आठवड्यात ती येवल्याला मामाकडे होती, शनिवारी रात्री परतली. वाल्मीककडे किल्ली नव्हती, पण ते पेडल मला विका म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. तो आठवडाभर विंचूरला कंपनीत ट्रेनिंगला होता आणि तिथल्या हजेरीचे फोटो त्याने न मागता दाखवले.

राहिले देवराम. पन्नाशीचा माणूस, पेठ या आदिवासी तालुक्यातला, पेठ रोडला छोटं दुकान. नाशकातल्या निम्म्या वाजवणाऱ्यांची यंत्रं ते दुरुस्त करतात. लोक लाखाची वस्तू त्यांच्याकडे टाकून जातात आणि पावतीसुद्धा मागत नाहीत. बुधवारी ते माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा पंखा बघायला आले होते. मी जरा लवकर पोचलो तर ते टेबलापाशी उभे होते, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि ते हिरवं पेडल त्यांच्यापुढे. मला बघून त्यांनी घाईने पिशवी बंद केली होती.

एवढं आठवल्यावर मी पुढचा विचारच केला नाही. वयाने ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरेतुरे करायचो. वर्गासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "देवराम, माझ्या पेडलमधलं सर्किट तू काढलंस का?"

पलीकडे हातातलं हत्यार टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मी चोरी नाय केली सर," ते म्हणाले.

"मी काढलंस का असं विचारतोय."

त्यावर त्यांनी फोन ठेवला.

मी संध्याकाळी वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. चारशे जणांचा ग्रुप. लिहिलं, देवरामकडे सामान देताना जपून, माझ्या पेडलच्या आत हात मारलाय. गंगापूर रोडच्या एखाद्या बड्या दुकानदाराबद्दल असं लिहिताना मी दहादा विचार केला असता. पेठकडच्या माणसाबद्दल लिहायला मला दोन मिनिटं पुरली. हे आज लिहायला लाज वाटते, पण वाटायलाच हवी.

मंगळवारपर्यंत त्यांच्या दुकानातून नऊ जणांनी आपापली यंत्रं उचलून नेली.

३

मंगळवारी सकाळी सिंधूआत्या वर्गात आली होती. माझ्या वडिलांची बहीण, सातपूरच्याच एका कारखान्यात एकतीस वर्षं टेस्टिंगच्या टेबलावर बसून निवृत्त झालेली. तिच्या हाताखालून गेलेला स्विच परत आला नाही असं तिथले लोक अजून सांगतात. मेटल तिला भांडी पडल्यासारखं वाटतं. ती डबा द्यायला आली होती, एवढंच.

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई वर आल्या. देवरामांच्या पत्नी, भागीबाई. आत न येता त्यांनी उंबऱ्यावर किल्ली ठेवली.

"ही तुमची चावी," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, चावी राहू द्या, माझी वस्तू परत करायला सांगा.

भागीबाईंनी माझ्याकडे नाही, आत्याकडे बघितलं. "त्याहींनी चोरी केली नाय. मी लय विचारलं, मग काय झालं ते तरी सांगा. तर म्हंगाले, मी बोललो तर सरांची अब्रू जाईल. आता दुकानात कोन येत नाय, तरी बोलत नायत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आमची गेली ती चालती का?"

त्या खाली उतरल्या. आत्याने किल्ली उचलून टेबलावर ठेवली.

"तुझी अब्रू?" आत्या म्हणाली. "चोरी त्यांनी केली, तर अब्रू तुझी कशी जाईल?"

मी म्हणालो, चोराच्या उलट्या बोंबा. आत्याने ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "ती डबी दे बघू."

४

तिने चष्मा लावला, पेडल खिडकीशी नेलं आणि पाव तास उलटसुलट करून बघितलं. मग मला बोलावलं.

"चोराने काय करायला हवं होतं?"

"काय म्हणजे?"

"अरे, ही एवढीशी वस्तू. पिशवीत टाकायची आणि चालू पडायचं. हा चोर बसून आतलं सर्किट सोडवतो. मग मोजून वायर कापतो, तिच्या टोकांवर प्लास्टिकची नळी चढवतो आणि व्यवस्थित सोल्डर करतो. दिवा चालू ठेवतो. ही वायर का घातली असेल?"

मी म्हणालो, चोरी लवकर लक्षात येऊ नये म्हणून.

"वायर नसती तर काय झालं असतं?"

"बटण दाबलं की आवाज बंद झाला असता."

"आणि वायर असल्यामुळे?"

"गिटारचा आवाज सरळ अ‍ॅम्प्लिफायरला जातो. पेडल नसल्यासारखा."

"म्हणजे कुणाला तरी तुझा वर्ग बंद पडायला नको होता. चोराला तुझ्या वर्गाची काय पडलीय?" तिने पेडल माझ्या डोळ्यांशी धरलं. "आणि हे बघ. सोल्डरवर काय आहे?"

वायरच्या दोन्ही टोकांवर पांढुरका थर होता. मी बोट फिरवलं. पीठ. पिनांच्या भोकांतून आत शिरून बसलेलं, दमटपणाने चिकटलेलं जुनं पीठ.

"गिरणी कधी गेली?" आत्याने विचारलं.

मी बोट सदऱ्याला पुसलं. "जूनच्या पहिल्या आठवड्यात. नंतर आम्ही खोली धुतली, रंग दिला."

"आता सप्टेंबर संपतोय. या सोल्डरवर पीठ बसलंय म्हणजे ही वायर गिरणी चालू असताना इथे होती. जूनच्या आधीपासून." तिने चष्मा काढला. "मग मागच्या रविवारी तू काय ऐकलंस, अमोल?"

मी म्हणालो, पीठ उडून नंतरही बसलं असेल. मी म्हणालो, माझे कान मला माहीत आहेत. बरंच काही म्हणालो. आत्याने वाद घातला नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच पुटपुटली आणि म्हणाली की बुधवारी आरोहीला बोलाव, चित्रीकरणं घेऊन.

५

आरोही लॅपटॉप घेऊन आली. दर रविवारचं चित्रीकरण त्यात तारखेवार होतं. आत्याने तिला जवळ बसवलं आणि आधी येवल्याची, मामाची, पैठणीच्या मागांची चौकशी केली. मग विचारलं, की गाण्याचा आवाज पट्टीवर दिसतो ना, तशी पट्टी यात दिसते का? आरोही हो म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, ते मला दिसलं आणि मी त्याचा भलताच अर्थ काढला. मला वाटलं, बिचारी देवरामांसाठी हळहळतेय.

"वाजवतानाची गडबड मला कळत नाही," आत्या म्हणाली. "हा गप्प असतो तेव्हाचं दाखव."

हे मला सुचलं नसतं. बटण दाबण्याआधी मी नेहमी हाताने तारा दाबून धरतो आणि बोलणं थांबवतो, मुलांचं लक्ष यावं म्हणून. त्या शांततेतही अ‍ॅम्प्लिफायरची बारीक सूंसूं ऐकू येत असते. पेडलची लेव्हल पूर्ण असेल, तर बटण दाबल्याबरोबर ती सूंसूं वाढते. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

एप्रिलचं चित्रीकरण. मी तारा दाबल्या, बटण दाबलं. पट्टीवरची बारीक रेघ जाड झाली.

एप्रिलचा शेवटचा रविवार. रेघ जाड झाली.

मेचा दुसरा रविवार. मी तारा दाबल्या, बटण दाबलं, दिवा लागला. रेघ होती तशीच राहिली. आणि पडद्यावरचा मी म्हणालो, "ऐकलंत? आता कसा आवळला गेला."

आत्याने पुढचं लावायला सांगितलं. जून. जुलै. ऑगस्ट. झाकण उघडलं त्याच्या आधीचा रविवार. रेघ हलली नाही. प्रत्येक वेळी मी तेच वाक्य म्हणत होतो, उलट दर महिन्याला जास्त जोरात. ऑगस्टमध्ये तर डोळे मिटून म्हणत होतो. 

"हे कोण?" आत्याने पडद्यावर बोट ठेवलं. मी ऐकलंत म्हटल्यावर सगळी मुलं माना डोलावत होती. काचेच्या कपाटात कोपऱ्यात बसलेल्या मुलीचं प्रतिबिंब पडलं होतं. हेडफोन लावलेली ती मुलगी दर वेळी खाली जमिनीकडे बघत होती.

"बाळ, तुला ऐकू येत होतं," आत्या आरोहीला म्हणाली. "म्हणजे ऐकू येत नव्हतं, हे कळत होतं."

आरोहीला रडू फुटलं.

मे महिन्यात मी दोन दिवस घोटीला लग्नाला गेलो होतो. ती एकटीच सरावाला आली. पेडलचा अ‍ॅडॅप्टर सापडेना, म्हणून तिने वायफायच्या डबीचा काढून लावला. पिन बसली. पण त्याच्यातली अधिक-उणे बाजू उलटी असते, हे तिला ठाऊक नव्हतं. पेडलमधून जळका वास आला आणि ते मेलं. ती रडत देवरामांकडे गेली. त्यांनी उघडून बघितलं तर कुणी नक्कल करू नये म्हणून सर्किटवर काळी खळ ओतून बंद केलेलं, ते खरवडून भाग बदलायला वेळ लागणार. तोवर वर्ग अडू नये म्हणून त्यांनी सर्किट काढून घेतलं आणि वायर घालून दिली.

"काका म्हणाले, रविवारी सर बटण दाबतील, फरक पडणार नाही, सर विचारतील काय झालं. तेव्हा सांग," आरोही म्हणाली. "सर, मी तयारी करून आले होते. तुम्ही बटण दाबलंत आणि म्हणालात, ऐकलंत? सगळ्यांसमोर. मग मी कसं सांगणार होते?"

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. सांगितलं तर सरांना ऐकू येत नाही असं ठरेल, म्हणून ती गप्प बसली. देवरामांनीही तेच ठरवलं. सर्किट दुरुस्त करायचं, गुपचूप परत बसवायचं, कुणाला कळायला नको. पण तसे भाग मिळायलाच सप्टेंबर उजाडला. मागच्या बुधवारी ते त्यासाठीच आले होते. मी लवकर आलो.

"तुम्ही त्यांना चोर म्हणालात, तेव्हा मी काकांना म्हटलं की मी सांगते," आरोही म्हणाली. "ते म्हणाले, नको, गुरू आहे तो. सगळ्या पोरांपुढे पडेल."

आमच्याकडे हे असंच शिकवतात. सरांची चूक सरांना दाखवायची नसते. त्याच शिकवणुकीचा आजवर सगळ्यात जास्त फायदा मी घेतला होता.

६

आरोही गेल्यावर आत्याने डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मी तो बाजूला सरकवला.

"एक राहिलं," ती म्हणाली. "पाच महिने तुला फरक ऐकू आला नाही, असं आरोहीला आणि देवरामांना वाटतंय. मला नाही तसं वाटत. ऑगस्टमध्ये तू डोळे का मिटत होतास?"

तिच्यापासून काही लपवण्यात आता अर्थ नव्हता. तुम्हालाही मी सुरुवातीपासून हे सांगितलेलं नाही, ते सांगतो.

मेच्या त्या रविवारी मी बटण दाबलं आणि मला काहीच फरक ऐकू आला नाही. ऐकलंत हे सवयीने तोंडातून गेलं होतं. माना डोलल्या. मला वाटलं, मुलांना ऐकू आलं, मला नाही, म्हणजे माझे कान गेले. वीस वर्षं मोठ्या आवाजात वाजवल्याचं फळ. मेटल शिकवणाऱ्याचे कान गेले हे कळलं तर वर्गात कोण येईल? म्हणून मी दर रविवारी जास्त जोरात सांगू लागलो. पेडल उघडून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. परदेशी वस्तूवर माझा माझ्या कानांपेक्षा जास्त विश्वास होता.

आणि झाकण उघडलं त्या रविवारी, ती वायर दिसली त्या क्षणी मला कळलं होतं. हे मेपासून असं आहे. माझे कान ठीक आहेत, ते पाच महिने खरं सांगत होते. केवढी आनंदाची गोष्ट होती ती. पण ती सांगायची तर मी पाच महिने खोटं बोललो हे सांगावं लागलं असतं. वाल्मीकने विचारलं आणि मी म्हणालो, मागच्या रविवारी आवाज घट्ट होता. त्या एका वाक्यावर देवराम चोर ठरले. मी चुकलो नव्हतो. मी जाणूनबुजून एका माणसाला अडकवलं होतं, आणि तो मात्र माझी अब्रू सांभाळत दुकानात गप्प बसला होता.

आत्याने काही उपदेश केला नाही. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "चारशे लोकांना आधी लिही. मग पेठ रोडला जा. उलट क्रमाने गेलास तर तिथे जाऊन नुसता रडशील."

मी लिहिलं. सगळं लिहिलं, कानांचं, तोंडाचं, मेपासूनचं. शेवटी लिहिलं की देवरामभाऊंनी काही चोरलेलं नाही, खोटं मी बोललो. पाच मिनिटांत तीस जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यातले आठ माझेच विद्यार्थी होते. वाल्मीकने काहीच टाकलं नाही, ते जास्त लागलं. नेलेल्या नऊ यंत्रांपैकी संध्याकाळपर्यंत सहा परत दुकानात आली, असं मला नंतर कळलं. तीन आलीच नाहीत. एकदा उडालेला संशय सगळाच खाली बसत नाही.

दुकानात देवराम टेबलाशी बसले होते. भागीबाई मागे स्टुलावर. मी पेडल पुढे ठेवलं आणि म्हणालो, "देवरामभाऊ, मला माहीत होतं की तुम्ही चोरलेलं नाही. पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. माफ करा असं म्हणायलाही मला तोंड नाही."

त्यांनी पेडल जवळ ओढलं. भागीबाई म्हणाल्या, "लिवलेलं पोरानं वाचून दाखवलं." चहाचं विचारलं नाही.

देवरामांनी खणातून सर्किट काढलं, काळी खळ खरवडलेलं, दोन नवे भाग बसवलेलं. माझ्याकडे पाठ करून त्यांनी बराच वेळ पेडलमध्ये काम केलं, मग झाकण लावलं, एक जुनी गिटार आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. गिटार माझ्या हातात दिली. मी वाजवू लागलो. त्यांनी वाकून हाताने बटण दाबलं, लाल दिवा लागला.

"आवळला का सर?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा वाजवलं. खालची तार, मग वरची. भागीबाई बघत होत्या. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. एवढी मेहनत घेऊन दुरुस्त केलेली वस्तू, एवढा अपमान गिळलेला माणूस, आणि हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला फरक ऐकू येत नाही."

देवरामांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग मूठ उघडली. सर्किट त्यांच्या हातातच होतं.

"अजून बसवलंच नाय," ते म्हणाले, आणि मागे वळून भागीबाईंना म्हणाले, "चहा ठेव."